चैत्र ते मृग : घरच्या बागेच्या पाण्याचा हिशेब

२०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी गेली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयासमोर एक वेगळाच प्रश्न आला होता. राज्यात माणसे पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लावत असताना आयपीएलच्या सामन्यांसाठी मैदानांवर पाणी मारावे का? न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. त्यावर वाद पुष्कळ झाला. राज्याच्या एकूण पाणीवापरात मैदानांचा वाटा नगण्य आहे, असे काही जण म्हणाले. अशा वेळी प्रमाणापेक्षा माणुसकी मोठी, असे इतरांनी उत्तर दिले. मला मात्र त्या सगळ्या गदारोळात एका गोष्टीची उणीव जाणवली. गवताला उन्हाळ्यात रोज नेमके किती पाणी लागते आणि ते कशामुळे लागते, हे साध्या भाषेत कोणी मांडले नाही.

ती मांडणी अवघड नाही. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला, तर तेथे एक लिटर पाणी जमा होते. पाणी वाफ होऊन जाते तेव्हाही हेच माप चालते. मे महिन्यात पुण्याच्या आसपास चांगल्या ओल्या, हिरव्या जमिनीतून दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी हवेत जाते. काही मातीतून, बहुतेक पानांतून. मराठवाड्यात आणि विदर्भात लू वाहू लागली की हा आकडा आठ-नऊपर्यंत चढतो. आपल्याकडचे गवत यापेक्षा थोडे कमी पाणी घेते. तेव्हा हिरवळीच्या दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, तर चूक होणार नाही. क्रिकेटचे मैदान साधारण चौदा हजार चौरस मीटरचे असते. म्हणजे रोजचे सत्तर हजार लिटर. लातूरला पहिल्या फेरीत पोचलेले पाणी अशा एका मैदानाला आठवडाभर पुरले असते.

हाच हिशेब बंगल्याच्या अंगणात आणून पाहा. शंभर चौरस मीटरच्या लॉनला दिवसाला पाचशे लिटर लागतात. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी निकष आहे आणि ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनने ५५ लिटरचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्या लॉनचे पाणी शहरातल्या जवळपास चौघांचे किंवा खेड्यातल्या नऊ जणांचे आहे. मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंतचे ऐंशी दिवस धरले, तर चाळीस हजार लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. यात फवाऱ्याने वाऱ्यावर उडालेले, फरशीवर वाहून गेलेले आणि नळी टाकून फोन घ्यायला आत गेल्यावर साचलेले पाणी धरलेलेच नाही.

या पुस्तकाचा सगळा आग्रह मोजण्याचा आहे. बाग करू नका, असे मी कुठेही म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. भर उन्हात सिमेंटच्या भिंतींमध्ये राहणाऱ्या माणसाला दारात एक सोनचाफा किंवा खिडकीत मोगऱ्याची कुंडी असणे ही चैन आहे, असे मला वाटत नाही. सावली देणारे झाड तर घर थंड ठेवते, पाखरांना आसरा देते आणि लावणाऱ्याच्या नातवंडांपर्यंत टिकते. परंतु आपली पद्धत अशी, की आधी रोपे आणायची, मग जागा शोधायची आणि पाण्याचा विचार एप्रिलमध्ये नळाला धार उरली नाही की करायचा. हा क्रम उलटा हवा. उन्हाळ्यात आपल्याकडे बागेसाठी रोज किती पाणी आहे, ते कुठले आहे आणि कसे आहे, हे आधी ठरवावे. बाग त्यात बसवावी.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा कोणाची जमीन किती यावर न ठरवता घरात माणसे किती यावर ठरवायचा आणि उसासारख्या तहानलेल्या पिकाला त्यातून पाणी द्यायचे नाही, असे तिचे नियम होते. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाळा संपला की गावातल्या पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणती पिके घ्यायची ते ठरवते. गावाने जे शेकडो एकरांवर केले, ते आपल्याला दहा कुंड्यांवर किंवा दोन गुंठ्यांवर करायचे आहे. त्यासाठी ग्रामसभाही लागत नाही. घरातल्या माणसांचे एकमत झाले की पुरे.

लॉनविषयी आधी सांगून टाकतो, कारण पाण्याच्या दृष्टीने घरच्या बागेतला सर्वांत खर्चिक भाग तोच आहे. कातरलेल्या गवताचा सपाट गालिचा ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. त्यांच्या देशात बाराही महिने थोडाथोडा पाऊस पडतो, ऊन सौम्य असते आणि गवत आपोआप हिरवे राहते. दख्खनच्या पठारावर वर्षाच्या पावसाचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने जमीन वाळत जाते. येथल्या गवतांनी त्याप्रमाणे आपले जगणे बसवून घेतले आहे. आपली हरळीच घ्या. गणपतीला वाहतो त्या दूर्वा तिच्याच. शेतकरी तिला वैतागतो, कारण खणून काढली तरी ती मरत नाही. पाणी तुटले की तिची पाने वाळून पिवळट तपकिरी होतात, पण जमिनीखालचे कांडे जिवंत राहतात आणि पहिल्या दोन पावसांत ती पुन्हा पसरते. तिला मे महिन्यात हिरवी ठेवण्याची जबाबदारी निसर्गाने कोणावर टाकलेली नाही. ती आपण ओढवून घेतो.

म्हणून ज्यांच्याकडे हरळीचे लॉन आहे, त्यांना माझे सांगणे स्पष्ट आहे : चैत्रात ते झोपू द्या. मार्चपासून पाणी हळूहळू कमी करा, गवत फार खाली कापू नका, पाच-सहा सेंटिमीटर उंची राहू द्या, म्हणजे मुळांवर सावली राहील. मग दोन-तीन आठवड्यांतून एकदा चांगले भिजवा, तेवढ्यावर कांडे तग धरतात. वाळलेल्या लॉनवर फार चालू नका आणि खत तर मुळीच घालू नका. मेक्सिकन गवताचे लॉन असेल, तर त्याला याहून जपावे लागते, आणि नवे लॉन उन्हाळ्याच्या तोंडावर लावणे हा पाण्याचा सरळ अपव्यय आहे. ज्यांना हिरवळीवाचून करमणारच नाही, त्यांनी ती बसायच्या जागेपुरती, दहा-पंधरा चौरस मीटर ठेवावी. उरलेल्या जागेत झाडांखाली पालापाचोळा राहू द्यावा. पाहुण्यांना अंगण उजाड वाटेल, ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. एप्रिलमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडलेल्या बहाव्याखाली उभे राहून अंगण उजाड आहे असे म्हणणारा पाहुणा मला तरी अजून भेटलेला नाही.

आता कुंड्या. शहरातल्या बहुतेक वाचकांची बाग म्हणजे गॅलरीतल्या किंवा गच्चीवरच्या वीस-तीस कुंड्या. त्यांचे गणित लॉनच्या अगदी उलट आहे. एक फूट तोंडाच्या कुंडीतले मध्यम वाढीचे झाड कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण एक लिटर पाणी वापरते. तीस कुंड्यांना तीस लिटर. चार माणसांच्या घरात तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतल्याचेच पंधरा-वीस लिटर पाणी रोज मोरीत जाते. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी त्यात धरले, तर अनेक घरांत कुंड्यांना नळाच्या पाण्याची गरजच उरत नाही. तरीही रोज सकाळी गॅलरीच्या पन्हाळीतून खालच्या मजल्यावर पाणी पडत असते, कारण कुंडीच्या तळाच्या भोकातून पाणी येईपर्यंत ओतायचे ही सवय हाताला लागलेली असते. कुंडीच्या मातीत बोट खुपसून पाहावे. दोन पेरांपर्यंत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी नको. दुपारी दोन वाजता पाने माना टाकतात ती नेहमीच तहानेने टाकत नाहीत. मुळे जेवढे पाणी चढवतात त्यापेक्षा पाने वेगाने सोडत असतात, इतकेच. संध्याकाळी ती आपोआप ताठ झाली, तर झाड ठीक आहे. सकाळीही मान खालीच असेल, तर मात्र पाणी द्यायला उशीर झाला आहे.

गच्चीवर कुंड्या सुट्या मांडल्या की प्रत्येक कुंडी चहूबाजूंनी तापते. त्या एकमेकींना लावून ठेवाव्यात, मोठ्या पश्चिमेला आणि लहान आत. स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात. मातीची कुंडी अंगातूनही पाणी सोडते, म्हणून ती थोडी मोठ्या कुंडीत बसवून मधल्या फटीत वाळू किंवा काथ्याचा भुसा भरला, तर हा खर्च बराच थांबतो. पन्नास टक्के सावली देणारी हिरवी जाळी मार्च ते मे बांधली, तर पाणी वाचतेच, शिवाय पानांच्या कडा करपत नाहीत.

वापरलेल्या पाण्याबद्दल एक पूर्ण प्रकरण पुढे आहे, कारण त्यात उत्साह जास्त आणि माहिती कमी असे चित्र सर्वत्र दिसते. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी मोरीचे पाणी परसात जायचे आणि त्यावर अळू, कर्दळ, केळी वाढायच्या. ती रचना उत्तम होती, पण त्या पाण्यात राख, शिकेकाई आणि थोडे ताक-भाताचे धुण असे. आजच्या धुण्याच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. काळ्या मातीत सोडियम साठला की मातीचे कण विस्कटतात, पाणी मुरायचे थांबते आणि जमीन वरून चिकट, आतून दगडासारखी होते. म्हणून कपड्यांचे पहिले, साबणाचे पाणी बागेत नको. शेवटच्या खळबळीचे चालेल, तेही आलटून पालटून, कर्दळ, केळी, बोगनवेल अशा दणकट झाडांना. कोथिंबीर-पालक अशा कच्च्या खायच्या पाल्यावर ते पाणी कधीही शिंपडू नये. आरओच्या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळताना दोन-तीन लिटर बाहेर टाकले जाते आणि मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे, आणि बागेत द्यायचेच तर साध्या पाण्यात मिसळून. बोअरचे जड पाणी मऊ करणारी यंत्रे अनेक सोसायट्यांनी बसवली आहेत. त्यांत मीठ वापरले जाते, त्यामुळे ते मऊ पाणी कपड्यांना चांगले आणि झाडांना वाईट. बागेचा नळ त्या यंत्राच्या आधीच्या जोडणीवर घ्यावा. एसीचे पाणी मात्र पावसाच्या पाण्यासारखे निर्मळ असते. कुंड्यांवर पांढरी पूड धरत असेल, तर अधूनमधून हे पाणी भरपूर घालून क्षार धुऊन काढता येतात. कूलरची गोष्ट याच्या उलट आहे. अकोल्या-नागपूरकडे घरोघरी कूलर दिवसाला कितीतरी बादल्या पाणी पितो आणि टाकीच्या तळाशी उरते ते खारट गढूळ पाणी. ते कुंडीत न घालता अंगणातल्या मोठ्या कडुनिंबाला किंवा चिंचेला द्यावे.

मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरणाचा प्रकल्प असतो आणि त्याचे पाणी बागेला देणे हे त्याचे एक मुख्य काम आहे. माझा अनुभव असा, की जेथे प्रकल्प नीट चालवला जात नाही, तेथे पाण्याला वास येतो, रहिवासी तक्रार करतात आणि कमिटी गुपचूप बागेला टँकरचे गोडे पाणी देऊ लागते. तक्रार प्रकल्पाच्या देखभालीची करायला हवी. ते पाणी फवाऱ्याने न उडवता पाचोळ्याखालून ठिबकने दिले, तर वासाचा आणि आरोग्याचा प्रश्न पुष्कळ कमी होतो. आणि टँकरचे पाणी कुठून येते, हेही एकदा विचारावे. शहराच्या वेशीवरच्या एखाद्या गावातल्या विहिरीतून किंवा बोअरमधून ते येते, आणि त्या गावाला स्वतःचा मे महिना काढायचा असतो. बंगळुरूमध्ये २०२४च्या मार्चमध्ये पाणीटंचाई इतकी वाढली, की बागेला आणि गाड्या धुवायला पिण्याचे पाणी वापरल्यास पाच हजार रुपये दंड लावण्याची वेळ तेथल्या जलमंडळावर आली. आपल्या शहरांना तो दिवस पाहावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

मातीचे प्रकरण मी सर्वांत मोठे केले आहे. पाणी द्यायचे ते मातीला, झाड मातीतून घेते. काळी माती पाणी धरून ठेवते, पण वाळली की तिला भेगा पडतात आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. कोकण-गोव्यात जांभा दगडाची तांबडी माती असते. तिच्यात पाणी झरझर खाली जाते, म्हणून अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात. पुण्या-नाशकाकडच्या नव्या बंगल्यांच्या प्लॉटवर तर बहुतेक वेळा माती नसतेच. बांधकामाचा राडारोडा, त्यावर मुरूम आणि वर विकत आणलेला वीतभर मातीचा थर. तिन्ही ठिकाणी तेवढेच पाणी तितक्याच दिवसांनी देऊन कसे चालेल? काळ्या मातीला जास्त पण उशिरा, जांभ्याच्या मातीला थोडे पण लवकर, आणि मुरमाच्या प्लॉटला आधी दोन-तीन वर्षे पालापाचोळा आणि शेणखत, मग बाग.

कोरडवाहू शेतकऱ्याला हे शास्त्र हाताने माहीत आहे. सोलापुरात १९३३ पासून कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे केंद्र आहे आणि रब्बी ज्वारीच्या शेतात ओल कशी राखायची यावर तेथे पिढ्यान्‌पिढ्या काम झाले आहे. कोळपणी ही त्यातली मुख्य गोष्ट. जमिनीचा वरचा दोन बोटे थर मोकळा केला, की मातीतल्या केसासारख्या बारीक नळ्या तुटतात, भेगा बुजतात, खालची ओल वर चढून उडून जाण्याचे थांबते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच. आपल्या वाफ्यात हेच काम खुरपे करते. पाणी दिल्यावर वाफसा आला की वरची माती हलकी खुरपावी आणि लगेच तिच्यावर आच्छादन घालावे. आच्छादनाला विकत काहीही आणावे लागत नाही. झडलेली पाने, उसाचे पाचट, भाताचा पेंढा, नारळाची सोडणे, कापलेले वाळके गवत यांचा चार बोटे जाड थर पुरे. फक्त तो खोडाला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात पाण्याची बचत करणारा एकच उपाय सांगा असे कोणी विचारले, तर मी हाच सांगेन. ठिबकच्याही आधी.

येथे श्री. अ. दाभोळकर यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूरच्या या गणिताच्या प्राध्यापकांनी प्रयोग परिवार उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकातून असंख्य मराठी माणसांना आपली बाग मोजायला शिकवले. पानांचे क्षेत्र, त्यांवर पडणारे ऊन, मुळांच्या सभोवतीचा पालापाचोळा यांकडे गणित्याच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांनी लावली. उसाचा चोथा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर गच्चीवर भाजी पिकवणारे जे लोक आज मुंबई-पुण्यात दिसतात, त्यांच्यातल्या अनेकांची वाट त्यांच्या विचारापर्यंत जाते. सच्छिद्र, सेंद्रिय पदार्थांनी भरलेली माती कमी पाण्यात जास्त काळ ओली राहते, हे त्यांच्याकडून शिकलेले मला आजही रोज उपयोगी पडते.

पाणी कसे द्यावे, याचे उत्तर वैशाख महिना कधीपासून देत आला आहे. शिवमंदिरात या महिन्यात पिंडीवर गळती लावतात, काही घरांत तुळशीवरही. भांड्याच्या तळाला भोक, त्यात दर्भाची काडी किंवा सुताची वात, आणि थेंबाथेंबाने दिवसभर पडणारे पाणी. तुळशीच्या कुंडीला त्यातून मिळणारे तांब्याभर पाणी एकही थेंब वाया न जाता मुळाशी पोचते. ठिबक सिंचनाची आधुनिक पद्धत इस्रायलमध्ये विकसित झाली आणि जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ती आपल्या शेतांत रुजवली. घरच्या बागेसाठीही आता लहान संच मिळतात. तासाला दोन किंवा चार लिटरचा ड्रिपर घेतला, की किती वेळात किती पाणी गेले हे तोंडी सांगता येते. नळीने मात्र हा अंदाज येत नाही. अर्धा इंची नळीतून मिनिटाला दहा ते वीस लिटर पाणी जाते. वीस मिनिटे ती चालू राहिली, तर दोनशे ते चारशे लिटर.

पण ठिबक बसवले म्हणजे पाणी वाचलेच, असे समजू नका. टायमर लावून घरधनी निर्धास्त होतो आणि अवकाळी पाऊस पडून गेला तरी संच चालूच राहतो. क्षारांनी ड्रिपर बुजतात, उंदीर नळ्या कुरतडतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक ड्रिपरपाशी वाकून पाहण्याची ज्याची तयारी नाही, त्याने झारीच वापरावी. झारीला एक मोठा गुण आहे : ती उचलावी लागते, त्यामुळे किती पाणी दिले हे खांद्याला कळते.

मडक्याचा उपाय मला सर्वांत जवळचा वाटतो. रंग न दिलेले, साधे भाजलेले मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचे, पाणी भरून वर झाकण ठेवायचे. भोवतालची माती कोरडी पडली की ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढते, माती ओली असली की ओढणे थांबते. झाडाला हवे तेवढे आणि हवे तेव्हा देण्याचे काम माती आणि मडके आपसांत ठरवतात. वांगी, मिरची, दुधी, कारले यांच्या वाफ्यात मधोमध एक मडके असले, की तीन-चार दिवसांनी भरले तरी चालते. गावाला जाणाऱ्यांची मोठी सोय होते. पाणी खारे असेल, तर मडक्याची छिद्रे कालांतराने बुजतात, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याला नवे घ्यावे. कुंभाराकडचे चिरलेले, स्वस्तातले मडके घेऊन फसू नये.

मोठ्या झाडांना आळे कुठे करावे, यावर घरोघरी गैरसमज आहे. खोडाला लागून वाटीएवढे आळे करून त्यात बादलीभर पाणी ओततात. पाणी पिणारी कोवळी मुळे तेथे नसतातच. ती फांद्यांचा घेर जेथे संपतो त्याच्या आसपास असतात. आळे तेथे गोल चरासारखे करावे. लिंबाच्या झाडाला तर खोडाभोवती मातीची भर घालून बाहेरून दुसरे आळे, अशी दुहेरी रचना हवी. विदर्भातल्या संत्रा बागांत ती करतात, कारण खोडाला सतत पाणी लागले की डिंक्या होतो. मोठ्या झाडाला आठ-दहा दिवसांनी एकदाच, पण हातभर खोल मुरेल एवढे पाणी द्यावे. रोज थोडेथोडे दिले, तर मुळे वरच्या तापलेल्या थरातच पसरतात आणि एखाद्या दिवशी चुकले की झाड कोलमडते.

सगळ्याच झाडांना सारखे पाणी हवे असते, असेही नाही. पांढऱ्या चाफ्याची पाने उन्हाळ्यात झडलेली असतात, त्याला पाणी नकोच असते. बोगनवेलीला जास्त पाणी दिले, तर पाने येतात आणि फुले येत नाहीत. मोगऱ्याला हिवाळ्याच्या अखेरीस छाटून थोडा ताण द्यायचा आणि मग पाणी सुरू करायचे, म्हणजे तो चैत्रात भरभरून फुलतो. डाळिंबाचा बहार धरणारा शेतकरी हेच करतो. फुले लागल्यावर मात्र मोगऱ्याला तहानलेला ठेवू नये. शेवगा, कढीपत्ता, अडुळसा, कण्हेर, कोरफड एकदा रुजली की थोडक्यात भागवतात. जास्वंद आणि गुलाब पाणी मागतात, तेव्हा ते दोन-चारच ठेवा आणि सकाळच्या उन्हाच्या बाजूला ठेवा. एकसारखी तहान असलेली झाडे एकत्र लावली, तर पाण्याचे काम निम्म्याने हलके होते.

गोव्यातल्या कुळागरात ही जुळणी किती बारकाईने केलेली असते, ते पाहण्यासारखे आहे. वर माड आणि सुपारी, मध्ये केळी आणि जायफळ, सुपारीच्या खोडावर मिरीचा वेल, खाली अननस आणि हळद. ऊन जमिनीपर्यंत पोचेतो इतके गाळले जाते, की झऱ्याच्या एका पाटावर सगळी बाग उन्हाळा काढते. दारातल्या दोन गुंठ्यांत कुळागर होणार नाही, पण एका शेवग्याच्या विरळ सावलीत मिरची-कोथिंबिरीचा वाफा मात्र सहज होईल.

पावसाचे पाणी साठवण्याबद्दलही प्रामाणिक आकडे द्यायला हवेत. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर पुण्यासारख्या सातशे मिलिमीटरच्या पावसात पन्नास हजार लिटर पाणी सहज मिळू शकते, पण ते मिळते जून ते सप्टेंबरमध्ये आणि लागते एप्रिलमध्ये. पाच हजार लिटरची झाकलेली टाकी भरून ठेवली, तर शंभर चौरस मीटरच्या लॉनला ती दहा दिवस पुरते, आणि तीस कुंड्यांना पाच महिन्यांहून अधिक. या दोन आकड्यांवरून आपली बाग कोणत्या प्रकारची असावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. टाकीत न मावलेले पाणी गाळून बोअरभोवती मुरवावे. त्याचा लाभ शेजाऱ्यालाही होतो, आणि तो व्हावाच.

पुस्तकाची मांडणी महिन्यांप्रमाणे आहे. माघ-फाल्गुनात करायच्या तयारीपासून सुरुवात केली आहे, कारण आच्छादन, मडकी आणि जाळी ऊन तापल्यावर आणायला निघाले, की उशीर झालेला असतो. चैत्र-वैशाखातली प्रकरणे रोजच्या कामाची आहेत. ज्येष्ठातले प्रकरण लहान असले, तरी वाचायला चुकवू नका. मृगाची पहिली सर आली, की लोक लगेच पाणी बंद करतात. ती सर बहुतेक वेळा वरचा बोटभर थर भिजवून जाते आणि पुढचे आठ-दहा दिवस ऊन पुन्हा तापते. तेवढ्या दिवसांत नवी लावलेली रोपे जातात. खुरप्याने वीतभर उकरून ओल पोचली आहे का ते बघावे, मगच नळ बंद करावा.

शेवटच्या पानांवर कोरे तक्ते दिले आहेत. पुढे वाचण्याआधी त्यांतला पहिला भरून ठेवावा, एवढी विनंती आहे. घड्याळ घेऊन आपल्या नळीखाली बादली लावा, ती किती सेकंदांत भरते ते पाहा आणि मिनिटाला किती लिटर होतात ते लिहा. मग घरातले धुण्याचे, एसीचे, आरओचे पाणी एक दिवस वेगवेगळ्या बादल्यांत धरून त्यांचे आकडे त्याखाली मांडा. पहिल्या प्रकरणातली सगळी गणिते त्या आकड्यांवरच सोडवायची आहेत.